पहिल्यांदाच ब्रिटिश कंट्री हाऊस मर्डर मिस्टरी वाचताय? मग आधी हे वाचा

इंग्रजी बऱ्यापैकी येतं, शेरलॉक होम्स वाचून झालाय, लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड पण वाचलाय, आणि आता कोणीतरी सांगितलं म्हणून अगाथा ख्रिस्ती हातात घेतली. पन्नास पानं झाली तरी कोण कोणाचा कोण हेच कळत नाहीये, मधेच कोणीतरी मेलं, आणि सगळे चहा पितायत. असं झालं की बरेच जण पुस्तक बाजूला ठेवून देतात आणि म्हणतात आपलं इंग्रजी कमी पडतंय.

तर इंग्रजी कमी पडत नाहीये. कमी पडतंय ते कंट्री हाऊसचं, म्हणजे ही गोष्ट ज्यात घडते त्या गावाकडच्या श्रीमंत घराचं ज्ञान. या कादंबऱ्या १९२०-४० च्या इंग्लंडमधल्या वाचकासाठी लिहिलेल्या, त्याला असं मोठं घर कसं चालतं ते माहीत असायचं, बेल वाजली की कोण येतं, संध्याकाळी सहाला कोण कुठे असतं, म्हातारी वारली की इस्टेट कोणाकडे जाते. लेखक क्लू लपवतो तो नेमका या रोजच्या गोष्टींमध्ये. घराचा नेम कुठे मोडला ते दिसलं की क्लू दिसला. म्हणून खाली जे देतेय ते सगळं घर समजून घेण्यासाठीच आहे. उदाहरण मुख्यतः एकाच पुस्तकाचं घेतलंय, ख्रिस्तीची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', आणि खुनी कोण ते कुठेही सांगितलेलं नाही. मधले दोन-तीन तपशील मात्र येतील, तेवढंही नको असेल तर आधी पुस्तक वाचून या.

काय काय लागेल

पुस्तक, शक्यतो छापील. एक वही, पेन्सिल आणि खोडरबर (पेन नको, नातेसंबंध सारखे बदलत जातात). मोबाईलवर डिक्शनरी, पण फक्त डिक्शनरी, गुगल सर्च नाही, कारण कुठल्याही पात्राचं नाव टाकलं की शेवट समोर येतो. आणि सलग तीन-चार संध्याकाळी. रोज पाच पानं असं लोकलमध्ये वाचायचं हे पुस्तक नाही, मधे गॅप पडला की कोणी काय म्हटलं ते विसरतं आणि सगळी मजा तर त्यातच आहे.

१. पहिलं पुस्तक नीट निवडा

स्टाइल्स पहिलं म्हणून चांगलं यासाठी की त्यात सगळं आहे. इसेक्समधलं मोठं घर, दुसरं लग्न केलेली श्रीमंत म्हातारी, तिचा तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान नवरा, सावत्र मुलगे, सून, आश्रित मुलगी, जुनी विश्वासू मोलकरीण डोर्कास, आणि गावात निर्वासित म्हणून राहिलेला बेल्जियन डिटेक्टिव्ह पॉयरो. ख्रिस्तीने हे १९१६ मध्ये लिहिलं, पहिलं महायुद्ध चालू असताना, छापून आलं अमेरिकेत १९२० ला आणि इंग्लंडमध्ये १९२१ ला. ती तेव्हा टॉर्कीच्या रेड क्रॉस हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत औषधं तयार करायचं काम करत होती, त्यामुळे विषाची माहिती पक्की आहे.

पुस्तक कुठून घ्यायचं यात एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हे फ्री दिसतं कारण अमेरिकेत त्याचा कॉपीराइट संपलाय. भारतात नियम वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ख्रिस्ती १९७६ मध्ये गेली, म्हणजे आपल्याकडे २०३६ संपेपर्यंत कॉपीराइट आहे. भारतात असाल तर विकत घ्या किंवा लायब्ररीतून आणा. अजिबात खर्च करायचा नसेल तर ए. ए. मिल्नचं 'द रेड हाऊस मिस्टरी' घ्या, १९२२ चं. हा तोच मिल्न ज्याने पुढे विनी द पू लिहिलं, आणि तो १९५६ मध्ये गेला म्हणून भारतातही ते पुस्तक मोकळं आहे.

मराठी अनुवाद मिळतात, जरूर वाचा, पण निदान एक तरी इंग्रजीत वाचा असं माझं मत, कारण क्लू कधीकधी वाक्य बोलण्याच्या पद्धतीत असतो आणि अनुवादात तो सपाट होऊ शकतो.

इथे फसू नका: प्रस्तावना शेवटी वाचा. क्लासिक म्हणून काढलेल्या आवृत्त्यांमध्ये विद्वान मंडळी प्रस्तावनेतच शेवट उघड करतात. लायब्ररीची कॉपी असेल तर समासातल्या पेन्सिलच्या खुणांकडे बघू नका, पात्रांच्या यादीत एका नावाला गोल केलेली कॉपी माझ्या हातात आलेली आहे.

२. घराचा नकाशा काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त लोक हेच टाळतात. स्टाइल्समध्ये नकाशा छापलेलाच आहे, काही ई-बुकात तो इतका बारीक येतो की काही वाचता येत नाही, मग वहीत मोठा काढून घ्या. नकाशा नसेल त्या पुस्तकात वाचता वाचता स्वतः काढत जा.

आपल्या वाड्यात चौकातून गेल्याशिवाय कोणालाच कुठे जाता येत नाही, मालक असो की गडी, सगळे एकमेकांना दिसतात. इंग्लिश कंट्री हाऊस बरोबर उलटं बांधलेलं असतं, नोकर दिसूच नयेत अशी रचना. नोकरांचा जिना वेगळा, त्यांच्या खोल्या वेगळ्या भागात, आणि मधे बहुतेक वेळा हिरव्या जाड कापडाने मढवलेलं एक दार, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. त्या दाराच्या कुठल्या बाजूला कोण होतं हे पहिल्यांदा बघायचं. एखादी मोलकरीण म्हणाली मला भांडण ऐकू आलं, तर ती त्या वेळी घराच्या या भागात काय करत होती? स्टाइल्समध्ये तर स्पष्टच लिहिलंय की नोकरांच्या खोल्यांमधून मालकिणीच्या खोलीच्या बाजूला यायला वाट नाही. वाचताना हे वाक्य कंटाळवाणं वाटतं, पण त्याने निम्मे संशयित एका झटक्यात बाद होतात.

खोल्यांची नावं एकदा समजून घ्या. ड्रॉइंग रूम म्हणजे पाहुण्यांची बैठक, जेवणानंतर बायका आधी इथे येतात आणि पुरुष डायनिंग रूममध्येच पोर्ट वाइन पीत बसतात, म्हणजे रोज रात्री काही वेळ घरातले बायका आणि पुरुष एकमेकांच्या नजरेआड असतात. मॉर्निंग रूम म्हणजे सकाळचं ऊन येणारी खोली जिथे मालकीण पत्रं लिहिते. स्टडी मालकाची. लायब्ररी रात्री रिकामी असते. गन रूम, बिलियर्ड रूम नावाप्रमाणेच. आणि फ्रेंच विंडो ही खिडकी नाही, बागेत उघडणारं काचेचं दार आहे, हे माहीत नसेल तर खिडकीतून माणूस आत आला म्हटल्यावर तुम्ही त्याला भिंत चढायला लावाल.

अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींसाठी, इथे फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपल्यासारखाच एक जिना वर, ग्राउंड फ्लोअर वेगळा. आणि दारांच्या कड्या लिहून ठेवा, कुठलं दार आतून बोल्ट केलेलं, कुठलं नुसतं लॉक. स्टाइल्समध्ये मालकिणीच्या खोलीला तीन दारं आहेत, एक पॅसेजमध्ये, एक नवऱ्याच्या खोलीत, एक त्या आश्रित मुलीच्या खोलीत. तिन्ही वहीत काढा.

३. माणसांची यादी करा, आणि हाक कशी मारतात ते बघा

एकाच माणसाची तीन नावं असतात. स्टाइल्समधला मोठा मुलगा निवेदकासाठी जॉन, गावासाठी मिस्टर कॅव्हेंडिश, आणि नोकरांसाठी मिस्टर जॉन. त्याची सावत्र आई मात्र मिसेस इंगलथॉर्प कारण तिने दुसरं लग्न केलंय. यादीत प्रत्येकापुढे सगळी नावं लिहा, नाहीतर सहा माणसांची अठरा होतात.

काही नियम पाठच करून टाका. सर लागतं ते पहिल्या नावाला, सर हेन्री, आणि त्याची बायको लेडी अधिक आडनाव. घरात दोन अविवाहित बहिणी असतील तर मोठी मिस अधिक आडनाव, धाकटी मिस अधिक पहिलं नाव. बटलरला नुसत्या आडनावाने हाक मारतात. हाउसकीपरला मिसेस म्हणतात, तिचं लग्न झालेलं असो वा नसो, त्यामुळे तिचा नवरा कुठे गेला हे शोधत बसू नका.

नोकरांची उतरंड पण लागते. बटलर आणि हाउसकीपर वरती, मग स्वयंपाकीण, पार्लरमेड पाहुण्यांसमोर येते, हाउसमेड खोल्या झाडते, किचनमेड सगळ्यात खाली आणि तिला वरच्या मजल्यावर काही कामच नसतं. युद्धाच्या काळातल्या पुस्तकात नोकर कमी झालेले असतात, मग एकच बाई दोघींचं काम करते.

नोकरांचे सीन उडी मारून पुढे जाऊ नका. मालक मंडळी एकमेकांना सांभाळून बोलतात, खरं काय घडलं ते डोर्कास सांगते.

४. घराचं घड्याळ लावा

इथे वेळ द्या. वहीचं एक पान आडवं धरा आणि त्या दिवसाच्या वेळा डावीकडून उजवीकडे लिहा.

सकाळी सगळ्यात आधी हाउसमेड उठते, शेकोट्यांची राख काढते, पडदे उघडते. लायब्ररीत रात्री पडलेलं प्रेत सकाळी नेहमी मोलकरणीलाच का सापडतं याचं कारण हेच, त्या खोलीत पहिलं पाऊल तिचंच. मग खोलीत चहा, खाली नाश्ता, पोस्ट. दुपारचं लंच, चार-पाचला चहा. मग येतो तो गाँग, मोठी पितळी घंटा म्हणा. पहिला गाँग झाला की सगळे वर आपापल्या खोलीत जेवणाचे कपडे घालायला जातात, दुसरा झाला की खाली. आता विचार करा, या दोन गाँगच्या मधे घरातला प्रत्येक माणूस एकटा आहे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मी कपडे बदलत होतो ही सगळ्यात कमजोर ॲलिबाय आणि ती सगळ्यांकडे असते. त्यामुळे गाँग हा शब्द दिसला की खूण करा.

नेम मोडणं म्हणजे काय याचं एक उदाहरण जवळून बघू. स्टाइल्समध्ये मालकीण दुपारी आपल्या बेडरूममध्ये शेकोटी पेटवायला सांगते. इंग्लंड थंड, शेकोट्या असतातच, म्हणून आपण सहज पुढे जातो. पण महिना जुलैचा आहे. त्या दिवशी सावलीत ८० डिग्री होतं. हे ८० फॅरनहाइट, म्हणजे आपलं २७ सेल्सिअसच्या आसपास, आणि इथे मराठी वाचक दुसऱ्यांदा फसतो कारण आपल्याला २७ म्हणजे छान हवा वाटते. इंग्रज माणसासाठी तो उकाड्याचा दिवस आहे आणि उकाड्यात बंद खोलीत जाळ करायचं एकच सरळ कारण उरतं, काहीतरी जाळायचंय. पॉयरो नेमकं तेच पकडतो. त्यात कुठे भिंग नाही की बोटांचे ठसे नाहीत, फक्त घरातलं एक काम नको त्या दिवशी झालं एवढंच.

हे कादंबरीवाल्यांनी हवेतून काढलेलं नाही. १८६० मध्ये विल्टशरच्या रोड हिल हाऊसमध्ये तीन वर्षांच्या मुलाचा खून झाला, रात्री घर आतून बंद, म्हणजे घरातलंच कोणीतरी. स्कॉटलंड यार्डचा जॅक व्हिचर आला आणि त्याचा संशय सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर गेला, कशावरून, तर धोब्याकडे टाकायच्या कपड्यांच्या यादीवरून. तिचे नाइटगाऊन तीन, सापडत होते दोन. तेव्हा लोकांनी व्हिचरलाच धारेवर धरलं, चांगल्या घरातल्या मुलीच्या कपड्यांची चौकशी करतो म्हणून, आणि १८६५ मध्ये त्या मुलीने, कॉन्स्टन्स केंटने, स्वतः कबुली दिली. या केसची सावली विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन'वर (१८६८) पडली आणि तिथून ही सगळी परंपरा चालू झाली. व्हिचरबद्दल वाचताना मला अजून वाईट वाटतं, बरोबर असून त्याचं नाव खराब झालं.

५. पैसा आणि मृत्युपत्र

वहीत वेगळं पान. वर लिहा, आज ही व्यक्ती मेली तर कोणाला काय मिळतं. मग लिहा, काल मेली असती तर, आणि उद्या मेली असती तर. या तीन उत्तरांत फरक असेल तर खुनाची वेळ का तीच निवडली ते दिसायला लागतं.

काही कायदे माहीत हवेत कारण ते पात्रं समजावून सांगत बसत नाहीत:

- इंग्लंडमध्ये लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं (१८३७ चा कायदा). आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हे लागू नाही म्हणून आपल्या डोक्यातच येत नाही. म्हातारपणी लग्न म्हणजे त्या घरात सगळ्यांचे हिशोब बदलले.
- मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि साक्षीदाराला त्यातून काही मिळत नाही. म्हणून बागेतल्या माळ्यांना आत बोलावून कागदावर सह्या घेतल्या असं कुठे वाचलंत, तर तो कागद काय असेल ते समजून घ्या.
- घर आणि जमीन बहुधा मोठ्या मुलाकडे. कधीकधी विधवेला ते फक्त हयातीपुरतं मिळतं, ती विकू शकत नाही, तिच्यानंतर मुलाकडे जातं. स्टाइल्समधलं घर, स्टाइल्स कोर्ट, तसंच आहे, पण हातातला पैसा तिचा स्वतःचा. घर आणि पैसा वेगळे मोजा.
- खून करणाऱ्याला त्या माणसाचा वारसा मिळत नाही.
- १८९४ पासून मोठ्या इस्टेटीवर मृत्यूनंतर कर बसायला लागला, त्यामुळे मोठं घर असूनही हातात पैसा नसलेले जमीनदार या पुस्तकांत जागोजागी भेटतात.

६. पोलीस, कॉरोनर आणि विष

हे थोडक्यात. आधी गावचा पोलीस, मग चीफ कॉन्स्टेबल म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, तो बऱ्याचदा मालकांच्या ओळखीतला असतो, आणि जमलं नाही की स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर. इन्क्वेस्ट म्हणजे खटला नाही, मृत्यू कशाने झाला हे ठरवायला कॉरोनर नावाचा अधिकारी ज्युरीसमोर घेतो ती चौकशी, स्टाइल्समध्ये ती गावच्या खानावळवजा इनमध्येच होते. मुंबईतही १८७१ च्या कायद्याखाली कॉरोनर असायचा, जुन्या मंडळींना शब्द माहीत असेल. इन्क्वेस्टचं प्रकरण नीट वाचा, सगळ्यांच्या साक्षी एका जागी मिळतात.

विषाचं म्हणाल तर ते तेव्हा घरात असायचंच. आर्सेनिक तणनाशकात आणि माशा मारायच्या कागदात, वेरोनल झोपेसाठी, स्ट्रिक्निन टॉनिकमध्ये अगदी थोडं. केमिस्टकडून विष घेताना रजिस्टरमध्ये सही करावी लागायची, त्यामुळे सही कोणी केली आणि तो खरंच तोच होता का हा प्रश्न विचारायचा. स्ट्रिक्निन भयंकर कडू असतं, मग ते कॉफीत गेलं की कोकोत की आणखी कशात, आणि कडवटपणा कळला कसा नाही, हे वहीत लिहून ठेवा.

७. परदेशी माणसावरचा संशय

या पुस्तकांत ज्यू, इटालियन, हिंदुस्थानी अशा लोकांबद्दल फार वाईट बोललं जातं. कधी ते पात्राचं मत असतं, कधी सरळ लेखकाचं. वाचताना टोचतं आणि टोचायलाच पाहिजे, ते क्लासिक आहे म्हणून गिळून टाकायची गरज नाही. कोड्याच्या बाजूने बघाल तर, सगळं घर मिळून परक्या माणसाकडे बोट दाखवत असेल तेव्हा बोट दाखवणाऱ्यांकडे बघा. नवीन नवरा, सेक्रेटरी, पाहुणा डॉक्टर हेही त्या घरासाठी परकेच.

८. शेवटाआधी थांबा

रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरू लेखकाने १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम लिहिले. त्यातले कामाचे एवढे: गुन्हेगार सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकालाही दिसला पाहिजे, आणि एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नकोत. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अशा कथा लिहिणाऱ्या लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, चेस्टरटन अध्यक्ष, ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स सदस्य. म्हणजे लेखक तुमच्याशी फेअर खेळायचं वचन देऊन खेळतोय. तुम्हीही खेळा.

स्टाइल्सची तेरा प्रकरणं आहेत, अकरावं संपलं की पुस्तक मिटा. बाराव्यात नाव फुटतं. वही उघडा आणि लिहा: कोण, कसं, का, आणि कुठल्या गोष्टींचा अजून अर्थ लागत नाही. चौथं सगळ्यात महत्त्वाचं. नाव तर अंदाजाने पण बरोबर येतं, पण चुरा झालेला कॉफीचा कप आणि गालिच्यावरचं मेणबत्तीचं मेण यांचा अर्थ लागला तरच कोडं सुटलं. निवेदक हेस्टिंग्ज जे पाहतो त्यावर विश्वास ठेवा, त्यावरून तो जे ठरवतो त्यावर ठेवू नका.

सगळ्यांना ड्रॉइंग रूममध्ये गोळा करून उलगडा करायचा सीन पण इथेच आहे. ख्रिस्तीने आधी तो कोर्टात लिहिला होता, पॉयरो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सगळं सांगतो असा, प्रकाशकाने बदलायला लावला, आणि बरं झालं लावला.

संपल्यावर लगेच पहिली दोन-तीन प्रकरणं परत वाचा. चुकवू नका हे. जी वाक्यं आधी नुसत्या गप्पा वाटल्या होत्या त्यात सगळं समोर ठेवलेलं दिसतं आणि खरा आनंद तिथे आहे.

९. पुढे काय वाचायचं

'द रेड हाऊस मिस्टरी' हलकं आणि पटकन होणारं. मग सेयर्सचं 'क्लाउड्स ऑफ विटनेस' (१९२६), यॉर्कशरमधलं शिकारीचं घर आणि खुनाच्या आरोपाखाली एक ड्यूक, ज्याचा खटला थेट हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये चालतो, तेव्हा उमरावांना तसा हक्क होता. बर्फात अडकलेला ख्रिसमस हवा असेल तर जॉर्जेट हेयरचं 'एनव्हियस कॅस्का' (१९४१) आणि सिरिल हेअरचं 'ॲन इंग्लिश मर्डर' (१९५१), हे दुसरं माझं फार आवडतं, त्यात मोडकळीला आलेलं घर आणि त्याबरोबर संपत आलेला सगळा वर्ग दिसतो. 'मूनस्टोन' जाड आहे, सवय झाल्यावर घ्या, सुरुवात १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून आहे त्यामुळे आपल्याला ते वेगळंच भिडतं. 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) कोणी काही सांगायच्या आत वाचून टाका, त्याचा शेवट लोक गप्पांमध्ये सहज फोडतात.

टीव्हीवरचा डेव्हिड सुशेचा पॉयरो अप्रतिम आहे, पण पुस्तकानंतर बघा.

विकत घेताना एक सांभाळा, ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्तीची नावं बरेचदा वेगळी असतात. 'लॉर्ड एजवेअर डाइज' आणि 'थर्टीन ॲट डिनर' एकच पुस्तक आहे, 'एनव्हियस कॅस्का' आता 'अ ख्रिसमस पार्टी' नावानेही मिळतं, आणि 'हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस'ची तर तीन नावं आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा ऑनलाइन ऑर्डर करायच्या आधी आतल्या पानावर मूळ नाव काय दिलंय ते बघून घ्या.